पंच गेला, वहिवाट राहिली

बाजारहत्नूरच्या परिसरात कडेम नदी उगम पावते. आदिलाबादच्या सागवानी डोंगरांतून वाट काढत ती कुंतल्याच्या कड्यावरून खाली उतरते आणि पुढे गोदावरीला मिळते. आज तिच्यावर धरण आहे, पण ते स्वातंत्र्यानंतरचे. त्याआधी या डोंगरांवर पडलेला पाऊस फारसा कुठे न अडता निजामाची हद्द ओलांडून इंग्रजांच्या मद्रास इलाख्यात जाई आणि राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमच्या बंधाऱ्याला लागे. आर्थर कॉटनने १८४७ ते १८५२ या काळात बांधलेला हा बंधारा त्या पाण्याला कालव्यांत वळवी. तिथे ते भिजलेल्या भाताच्या एकरांत मोजले जाई, त्यावर सारा बसे, सरकारी अहवालांत त्याची नोंद होई. उगमाशी त्याच पाण्याचा हिशेब ठेवण्याचे कुणाला कारणच नव्हते. इंग्रजी अमदानीत दोन राज्यांमधल्या नद्यांचे निवाडे कसे झाले हे समजून घ्यायचे, तर उगमाच्या या कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागते. कारण त्या निवाड्यांची सारी मांडणी ‘पाणी कुणाच्या दप्तरात आहे’ या एका प्रश्नावर उभी होती.

या निवाड्यांवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा, की पंच परका होता आणि म्हणून पक्षपाती होता. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. परका पंच १९४७ साली गेला. त्याने वापरलेले माप मात्र इथेच राहिले. ते माप म्हणजे वहिवाट. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगायला नको. शेजाऱ्याच्या रानातून वर्षानुवर्षे गाडी जात राहिली, कुणी हरकत घेतली नाही, की ती वाट हक्काची होते. मग सातबाऱ्यावर नाव कुणाचेही असो. नदीलाही हेच लागू केले गेले. ज्याने आधी पाणी अडवून रान भिजवले त्याच्या वापराला हात लावायचा नाही, उरले तर दुसऱ्याने घ्यावे. ऐकायला हे रास्त वाटते. पण वहिवाटीच्या पोटात एक अट असते: शेजाऱ्याला हरकत घेण्याची मोकळीक हवी. ज्याला ती मोकळीक नव्हती त्याचे गप्प राहणे संमती कसे ठरेल? त्या काळातल्या जलनिवाड्यांचे दुखणे माझ्या मते इथे आहे, आणि ते पंचाच्या जातकुळीपेक्षा खोल आहे.

हैदराबादला ‘शेजारचा देश’ म्हणावे का, असे कुणी विचारील. निजामाचा हाली सिक्का वेगळा, टपाल वेगळे, रेल्वे वेगळी; पण परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या मुठीत. धड देश नाही आणि धड जिल्हाही नाही, अशी ती अवस्था. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, तेव्हापासून पैनगंगेच्या उत्तर काठावर इंग्रज आणि दक्षिण काठावर निजाम अशी मांडणी झाली. त्या वेळी गोदावरीच्या या खोऱ्यात इंग्रजांना पाण्यापेक्षा वाट हवी होती. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून होड्यांनी थेट पूर्व किनाऱ्याला उतरवायचा, ही कॉटनची लाडकी कल्पना. १८६० च्या तहाने निजामाने गोदावरी आणि वैनगंगेच्या डाव्या काठावरचा आपला मुलूख इंग्रजांना दिला आणि सरहद्दीवरच्या नदीवाहतुकीची जकात सोडली. बदल्यात धाराशिव आणि रायचूरचा दुआब त्याला परत मिळाला, शोरापूर मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. सिरोंचा आज गडचिरोली जिल्ह्यात का आणि धाराशिव मराठवाड्यात का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या नदीच्या तहात सापडतात; शाळेच्या नकाशात मात्र ती कधी दिसत नाहीत. होड्या काही फार चालल्या नाहीत. नदीतल्या खडकाळ टप्प्यांनी दम काढला, १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७१ साली सरकारने तो नाद सोडला. तरी हा व्यवहार लक्षात ठेवण्याजोगा आहे. तह असमान होता, पण तो तह होता. घेतलेल्या गोष्टीचे काहीतरी मोल द्यावे लागले. वाटेचे मोल ठरले. पाण्याचे ठरवण्याची वेळ गोदावरीवर आली नाही, कारण पाणी आपसूक उतरून येत होते.

मोल ठरवण्याची वेळ आली असती तर ते ठरवले कोणी असते? याचे उत्तर पुढे १९२६ साली लेखी मिळाले, आणि तेही निजामालाच. वऱ्हाड परत मिळावे म्हणून सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने चौकशीसाठी आयोग नेमण्याची मागणी केली होती. आपण इंग्रज सरकारशी बरोबरीच्या नात्याने वाद घालू शकतो, हे त्यात गृहीत होते. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी मार्च १९२६ च्या पत्रात ते गृहीतकच मोडून काढले. इंग्रज सत्ता सार्वभौम आहे, कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने बोलणी करू शकत नाही, आणि संस्थानांमधले आपसातले वाद काय किंवा एखाद्या संस्थानाचे खुद्द इंग्रज सरकारशी असलेले वाद काय, ते मिटवण्याचा अधिकार त्याच सत्तेचा आहे, असा त्या पत्राचा आशय. रीडिंग हे पूर्वी इंग्लंडचे सरन्यायाधीश होते, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. स्वतःच्या दाव्यात स्वतः न्यायाधीश होऊ नये, हा कायद्याच्या पहिल्या धड्यातला नियम त्यांना कुणी शिकवायला नको होता.

प्रत्यक्ष लवाद बसला तो कावेरीवर, म्हैसूर आणि मद्रास यांच्यात. आणि तिथे वहिवाटीचे माप कसे चालते हे सर्वांत स्वच्छ दिसते. १८३१ ते १८८१ अशी पन्नास वर्षे म्हैसूरचा कारभार इंग्रज कमिशनरच पाहत होते. १८८१ साली राज्य वडियार घराण्याकडे परत आले आणि वरच्या अंगाच्या या राज्याने जुने तलाव दुरुस्त करायला, नवे बांधायला सुरुवात केली, तशी खाली तंजावरच्या भातशेतीची मद्रासला काळजी लागली. त्यातून १८ फेब्रुवारी १८९२ चा करार निघाला. ठरलेल्या नद्यांवर म्हैसूरने मद्रासच्या संमतीवाचून नवे मोठे काम करायचे नाही. मद्रासने संमती नाकारायची ती आधी मिळवलेल्या आणि प्रत्यक्ष चालू असलेल्या वहिवाटीच्या रक्षणासाठीच. मतभेद झाल्यास लवाद. शब्द नीट पाहिले तर खाली धरण बांधण्यासाठी मद्रासने म्हैसूरची परवानगी घ्यावी असे त्यात कुठेच नाही. बांध एकतर्फी होता.

या बांधावर पहिला जोराचा धक्का दिला तो मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. मराठी वाचकाला ते अनोळखी नाहीत. मुंबई इलाख्याच्या नोकरीत त्यांची उमेदीची वर्षे गेली, खडकवासल्याला त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर त्यांना हैदराबादने बोलावले आणि तिथून ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कन्नंबाडीच्या धरणाचा त्यांचा आराखडा आणि मेत्तूरला धरण बांधण्याचा मद्रासचा बेत समोरासमोर आले. १९१३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग्रिफिन यांना पंच नेमले, हिंदुस्थान सरकारचे पाटबंधारे महानिरीक्षक नेदरसोल त्यांच्या मदतीला दिले. मे १९१४ मध्ये निवाडा आला. तो बऱ्याच अंशी म्हैसूरच्या बाजूने होता. हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण पंच इंग्रज म्हणजे निकाल इंग्रजांचा, हे सोपे समीकरण ग्रिफिन यांनी मोडले. हिंदुस्थान सरकारने निवाडा उचलून धरला. पण मद्रासने थेट लंडनच्या भारतमंत्र्याकडे दाद मागितली आणि १९१९ साली भारतमंत्र्याने तो निवाडा बाजूला ठेवला. शेवटी पुन्हा १८ फेब्रुवारीच, साल १९२४, या दिवशी तडजोडीचा करार झाला: म्हैसूरला कन्नंबाडीत सुमारे ४५ टीएमसी (अब्ज घनफूट), मद्रासला मेत्तूरला साडेत्र्याण्णव टीएमसी साठ्याची मुभा, दोघांच्या वाढीव लाभक्षेत्राला मर्यादा, आणि पन्नास वर्षांनी काही कलमांचा फेरविचार. म्हणजे न्यायमूर्ती निःपक्षपाती निघाला तरी व्यवस्था तशी नव्हती. निवाड्याच्या वर एक दरवाजा होता आणि तो मद्रासच्या अंगणात उघडत होता.

हीच रीत इतरत्र दिसते. हेलमंद नदीच्या पाण्यावरून अफगाणिस्तान आणि इराण यांच्यात १८७२ साली गोल्डस्मिड यांनी सीमा आखून दिली; १८९६ साली नदीनेच पात्र बदलले आणि भांडण पुन्हा उकरले गेले. १९०५ साली मॅकमहन यांनी ठराविक ठिकाणाखालच्या पाण्याचा तिसरा हिस्सा इराणला दिला. इराणने पाण्याचा निवाडा मानला नाही. पंच ज्या साम्राज्याचा, त्याच्याच हाती त्या वेळी अफगाणिस्तानचे परराष्ट्र धोरण होते, हे तेहरानला दिसत होतेच. नाईलवर १९२९ साली सुदानच्या वतीने इंग्लंडने इजिप्तशी पत्रव्यवहाराने करार केला, त्यातही खालच्या देशाचा जुना वापर पक्का झाला आणि वरच्या अंगाच्या इंग्रजी प्रदेशांत इजिप्तच्या संमतीवाचून काम करायचे नाही असे ठरले. १८९२ च्या म्हैसूर करारातली कलमे जणू जशीच्या तशी आफ्रिकेत पोचली.

आता याला उत्तरे आहेत आणि ती हलकी नाहीत. पहिले असे, की वहिवाट सोडली तर खालच्या शेतकऱ्याने काय करायचे? गोदावरीच्या त्रिभुजात १८३३ च्या दुष्काळात माणसे किड्यामुंगीसारखी मेली. बंधारा आल्यावर तोच मुलूख भाताचे कोठार झाला. तिथल्या लोकांनी कॉटनचे पुतळे उभारले ते कुणाच्या धाकाने नव्हेत. वरच्या राज्याला जाग आली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या भिजणारे रान कोरडे पाडायचे, हा न्याय होत नाही. ते मला मान्य आहे. वहिवाट मुळीच मानू नये असे म्हणणे म्हणजे दुसऱ्या टोकाला जाणे. १८९५ साली अमेरिकेचे महान्यायवादी हार्मन यांनी रिओ ग्रांदे नदीबाबत तसे मत दिले होते, की आपल्या हद्दीतल्या पाण्याचे काय करायचे हा आपला प्रश्न, मेक्सिकोचा नाही. खुद्द अमेरिकेने ते मत फार ताणले नाही. १९०६ साली करार करून मेक्सिकोला ठरावीक पाणी दिले. प्रश्न वहिवाट मानावी की नाही हा नाही. ती किती आणि कुठवर मानावी, हा आहे. पोट भरण्याइतके भिजणारे रान आणि त्या रानाच्या नावाखाली दरवर्षी वाढत जाणारे लाभक्षेत्र, या दोहोंना एकच संरक्षण देता येत नाही. १८९२ च्या करारात ‘प्रत्यक्ष चालू असलेल्या’ हे शब्द होते. पुढची सारी भांडणे त्या शब्दांच्या मापावरच झाली.

दुसरे उत्तर असे, की त्या काळात दुसरे माप होतेच कुठे? होते. १९३५ च्या कायद्याने प्रांत आणि संस्थानांच्या पाणीतंट्यांसाठी आयोग नेमण्याची सोय केली आणि सिंधने पंजाबविरुद्ध केलेल्या तक्रारीवर न्यायमूर्ती बी. एन. राव यांच्या आयोगाने १९४२ साली अहवाल दिला. वरच्याचा निरंकुश हक्क नाही आणि खालच्याचाही नाही. सर्वांत बरा तो आपसातला करार, आणि तो न झाल्यास साऱ्या खोऱ्याच्या गरजा पाहून रास्त वाटणी, अशी त्याची भूमिका होती. आणखी घरातले उदाहरण हवे तर पांझरेकाठची फड पद्धत. बंधाऱ्याखालचे रान फडांत वाटायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाळीने पाणी द्यायचे, जागल्याने पाटावर नजर ठेवायची. पाणी कमी असलेल्या साली फड कमी भिजवायचे आणि तोटा सर्वांनी सोसायचा. तिथे ‘तू कधीपासून भिजवतोस’ यापेक्षा ‘यंदा पाणी किती आहे’ याला वजन होते. खेड्यातली व्यवस्था दोन राज्यांना लागू होईल का, ही शंका बरोबर आहे. एका गावात पाटकरी सर्वांना ओळखतो, दोन राज्यांत कुणी कुणाला ओळखत नाही. पण तुटीची वाटणी करता येते, ही कल्पना आपल्याकडे नवखी नव्हती, एवढे तरी त्यावरून दिसते.

सर्वांत अडचणीचा आक्षेप तिसरा आहे. समजा गोदावरीवर लवाद बसला असता आणि हैदराबादला भरघोस हिस्सा मिळाला असता, तर त्यातले बाजारहत्नूरला काय मिळाले असते? प्रामाणिक उत्तर: बहुधा काहीच नाही. निजामाच्या सरकारला पाटबंधाऱ्यांची जाण नव्हती असे नाही. नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली मांजरेवर १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर उभा राहिला आणि निजामाबादची सपाट रानेच्या राने उसा-भाताखाली आली. डोंगरातल्या गोंडांच्या वाट्याला मात्र राखीव जंगलाच्या हद्दी आल्या, आणि त्या हद्दींविरुद्ध उठलेला कोमराम भीम १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांकडून मारला गेला. जल, जंगल, जमीन ही घोषणा त्याच्या नावाशी जोडली जाते, ती एका देशी राज्याच्या विरोधात. म्हणजे वरचे राज्य आणि वरचे गाव एक नव्हेत. लवाद दरबारांत वाटणी करतो. दरबारापुढची वाटणी त्याच्या कक्षेत येत नाही. हा आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही, त्याला आणखी एक पायरी खाली नेतो: ज्याचा वापर दप्तरात नाही तो राज्याराज्यांत जसा हरतो, तसाच राज्याच्या आतही हरतो.

लवादाशिवाय काही जमले का? जमले, पण विलक्षण उशिरा. तुंगभद्रेवर मोठ्या धरणाची कल्पना कॉटनने १८६० च्या सुमारास मांडली. मद्रास, हैदराबाद आणि म्हैसूर यांच्या अभियंत्यांची, दिवाणांची बोलणी चालत राहिली, मोडत राहिली. जून १९४४ मध्ये मद्रास आणि हैदराबाद यांनी प्रत्येकी ६५ टीएमसीवर हात मिळवला आणि २८ फेब्रुवारी १९४५ रोजी एका काठावर मद्रासच्या गव्हर्नरने आणि दुसऱ्या काठावर हैदराबादच्या युवराजाने कामाचा प्रारंभ केला. या युवराजाची पदवी ‘प्रिन्स ऑफ बेरार’. ज्या वऱ्हाडावर त्याच्या घराण्याची सत्ता उरलेली नव्हती त्याचे नाव. समान वाटणी जमली याचे कारण कुणाचे मन मोठे झाले असे नव्हे. धरणाची जागाच अशी होती की एक टोक एकाच्या हद्दीत, दुसरे दुसऱ्याच्या. एकाला टाळून दुसऱ्याला बांधताच येत नव्हते. हरकत घेण्याची ताकद दोघांकडे होती, म्हणून वहिवाटीचा मुद्दा मागे पडला.

स्वातंत्र्यानंतर १९५६ चा आंतरराज्य जलविवाद कायदा आला, न्यायाधिकरणे आली, पंच आपलेच झाले. न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखालच्या कृष्णा न्यायाधिकरणाने खात्रीचे पाणी २०६० टीएमसी धरले आणि सप्टेंबर १९६० पर्यंतच्या वापराला आधी संरक्षण दिले. तो आकडा सुमारे १६९३ टीएमसी भरला. पाचांतले चार हिस्से पाणी वाटणी सुरू होण्याआधीच वाटले गेले होते. महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांना जे मिळाले ते उरलेल्या पाचव्या हिश्शाच्या ओढाताणीतून. न्यायाधिकरणाने अन्याय केला असे मी म्हणत नाही. चालू कालवे बंद करणे कोणत्याही न्यायाधीशाला जड जाईल. पण ते कालवे आधी कुठे झाले आणि का झाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी धवळेश्वरम आणि बेजवाड्याच्या बंधाऱ्यांच्या काळात शोधावे लागते.

गोदावरीवर १९७५ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांनी वेगळी वाट धरली. पैठण आणि सिद्धेश्वर धरणांच्या वरचे पाणी महाराष्ट्राचे, खालच्या पट्ट्यात आंध्रच्या पोचमपाड धरणापर्यंत नव्या वापराला ६० टीएमसीची मर्यादा, असा करार झाला आणि गोदावरी न्यायाधिकरणाने तो आपल्या निवाड्यात घेतला. याच पट्ट्यात नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा उभा राहिला आणि तंटा सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०१३ च्या निकालाने २.७४ टीएमसीच्या त्या बंधाऱ्याला मान्यता दिली, पण अटींसह: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचे. आधी कोणी भिजवले याऐवजी पाऊस कधी पडतो, यावर बसवलेले हे माप आहे आणि म्हणून मला ते जुन्या मापापेक्षा बरे वाटते. धर्माबादच्या शेतकऱ्यांची तक्रार मात्र ऐकण्याजोगी आहे. २९ ऑक्टोबरला दरवाजे पडतात तेव्हा नदीचा जोर ओसरलेला असतो, आणि परतीचा पाऊस हुकलेल्या साली बंधाऱ्यात अडवायला फारसे काही उरत नाही. तोवर ते पाणी पोचमपाडला पोचलेले असते आणि तिथल्या कालव्यांच्या दप्तरात चढलेले असते.